जमरूदचा किल्ला

वर्गातील भिंतीवर आशिया खंडाचा नकाशा असेल, तर त्याच्यासमोर जरा उभे राहा. प्रथम सिंधू नदी शोधा. अटक या गावाजवळ काबूल नदी तिला येऊन मिळते. तेथून पश्चिमेकडे बोट सरकवत गेलात की पेशावर शहर लागते. आणखी थोडे पुढे, पेशावरपासून साधारण सतरा किलोमीटरवर, जमरूद नावाचे ठिकाण आहे. मोठ्या नकाशातही ते टिंबाएवढेच दिसेल. पण त्या टिंबापाशी सपाट मैदान संपते आणि उघडे, रखरखीत डोंगर सुरू होतात. खैबर खिंडीचे तोंड ते हेच.

उर्दूत तुम्ही ज्याला 'दर्रा' म्हणता, त्याला मराठीत 'खिंड' म्हणतात. दोन डोंगरांच्या मधून जाणारी अरुंद वाट म्हणजे खिंड. खैबर खिंड सुमारे पन्नास किलोमीटर लांब आहे. अली मशीद या ठिकाणी तर ती इतकी चिंचोळी होते की, दोन्ही बाजूंचे कडे अंगावर येतात की काय असे वाटते. घोड्यांचे व्यापारी, सुक्यामेव्याचे काफिले, विद्वान, फकीर आणि फौजा शेकडो वर्षे या वाटेने आल्या आणि गेल्या. खिंडीत आफ्रिदी टोळ्यांची वस्ती आहे. वाटेचे राखणदार तेच आणि वाटेचा पैसा घेणारेही तेच. राजा कोणीही असो, सुखरूप पलीकडे जायचे असेल तर आफ्रिदींचा हात ओला करावाच लागे.

या खिंडीच्या तोंडाशी ३० एप्रिल १८३७ रोजी एक मोठी लढाई झाली. एका बाजूला काबूलचे अमीर दोस्त मुहम्मद खान यांची फौज होती आणि दुसऱ्या बाजूला लाहोरचे महाराजा रणजितसिंह यांची. खरी झुंज एका दिवसाची. पण तिच्यामागे कित्येक वर्षांचे भांडण होते आणि तिची झळ पुढे पार मुंबईपर्यंत पोहोचली. ती कशी, ते आपण पाहू.

पानिपतची तिसरी लढाई तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहे. ती १७६१ मध्ये झाली. त्या लढाईतले अहमदशहा अब्दाली हे १७४७ मध्ये कंदाहार येथे अफगाणांचे राजे झाले होते. पंजाब आणि सरहद्दीचा मुलूख कोणाच्या ताब्यात राहावा, हाच त्या काळातला मोठा प्रश्न होता. पानिपतच्या तीन वर्षे आधी मराठ्यांची फौजही अटकेपर्यंत पोहोचली होती. मराठीत 'अटकेपार झेंडे लावणे' असा वाक्प्रचार आहे. फार मोठा पराक्रम करणे, असा त्याचा अर्थ. त्यातले अटक म्हणजे तुम्ही आत्ता नकाशात पाहिलेले अटक.

अब्दालींच्या मागे त्यांचे पुत्र तैमूरशहा गादीवर आले. त्यांनी राजधानी कंदाहारहून काबूलला नेली. हिवाळ्यात काबूलला बर्फ पडते. म्हणून थंडीच्या दिवसांत सारा दरबार खैबर खिंड उतरून पेशावरला येई. उन्हाळा काबूलला आणि हिवाळा पेशावरला, असा क्रमच होता. त्यामुळे पेशावर हे अफगाण राजांना सरहद्दीवरचे एखादे गाव वाटत नव्हते; आपल्या घराचा अर्धा भाग वाटत होते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचे सारे भांडण त्यातूनच निघाले.

१७९३ मध्ये तैमूरशहा वारले आणि त्यांच्या मुलांत गादीसाठी कलह सुरू झाला. भावाने भावाचे डोळे काढले. एक गादीवर बसे, दुसरा त्याला हाकलून लावी. यांपैकी शाह शुजा १८०९ मध्ये राज्य गमावून बसले आणि काही काळाने लाहोरला आले. त्यांच्याजवळ कोहिनूर हिरा होता. तो १८१३ मध्ये रणजितसिंहांनी त्यांच्याकडून घेतला. त्याच वर्षी अटकेचा किल्लाही रणजितसिंहांच्या हाती आला.

काबूलमध्ये मग राजघराण्याची सत्ता मावळली आणि बारकझाई घराण्यातले भाऊ पुढे आले. त्यांचे वडील पायंदा खान यांना वीसहून अधिक मुलगे होते. त्यांतल्या कोणी कंदाहार घेतले, कोणी पेशावर घेतले. धाकट्यांपैकी एक असलेल्या दोस्त मुहम्मद खान यांनी १८२६ मध्ये काबूल घेतले. पण ते कोणाकडून घेतले? आपलेच भाऊ सुलतान मुहम्मद खान यांच्याकडून! सुलतान मुहम्मदांना पेशावरवर समाधान मानावे लागले. भरजरी पोशाखाची त्यांना भारी हौस. लोक त्यांना 'तिलाई' म्हणत. तिला म्हणजे सोने, हे तुम्हांला सांगायला नकोच. तर हे सोनेरी सुलतान मुहम्मद काबूल गेल्याचे दुःख कधी विसरले नाहीत.

इकडे पंजाबात रणजितसिंहांचे बळ वाढत होते. १८१९ मध्ये त्यांनी काश्मीर घेतले. १८२३ मध्ये नौशेरा येथे लढाई झाली आणि पेशावरचे भाऊ त्यांना खंडणी देऊ लागले. खंडणीत घोडेही असत. पेशावरच्या भावांकडे 'लैली' नावाचा एक नामांकित घोडा होता. तो रणजितसिंहांना इतका हवा होता की, त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे तगादा लावला आणि अखेर तो मिळवलाच. एका घोड्यासाठी राजे किती हट्टी होऊ शकतात, हे पाहून हसू येते.

१८३४ मध्ये शाह शुजांनी आपले राज्य परत मिळवण्यासाठी कंदाहारवर चाल केली. दोस्त मुहम्मद तिकडे धावले आणि त्यांनी शाह शुजांचा पराभव केला. पण काबूलची फौज कंदाहारला गुंतली आहे, हे लाहोर दरबाराने हेरले होते. मे १८३४ मध्ये सरदार हरिसिंह नलवा यांनी पेशावरचा ताबा घेतला. आता खंडणी नाही, तर थेट राज्य. सुलतान मुहम्मद पेशावर सोडून काबूलच्या आश्रयाला गेले.

दोस्त मुहम्मदांना हे सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी 'अमीर' ही पदवी घेतली. अमीर म्हणजे श्रीमंत, असे तुम्ही रोजच्या बोलण्यात म्हणता. येथे त्याचा मूळ अर्थ घ्या : हुकूम देणारा, नेता. धर्मयुद्धाची हाक देऊन त्यांनी हजारो माणसे जमवली आणि १८३५ च्या वसंतात खैबर खिंड ओलांडून ते पेशावरच्या मैदानात उतरले.

समोर रणजितसिंहही मोठी फौज घेऊन आले. आता घनघोर लढाई होणार, असे सर्वांना वाटले. पण रणजितसिंहांनी तोफा डागण्याआधी वकील पाठवले. मराठीत 'वकील' हा शब्द पूर्वी राजदूतासाठीही वापरत. या वकिलांत एक होते फकीर अजीजुद्दीन. ते लाहोरचे नामवंत हकीम आणि दरबाराचे परराष्ट्र व्यवहार पाहणारे मंत्री. दुसरा होता जोसाया हारलन नावाचा अमेरिकन. (हा हारलन मोठा विलक्षण माणूस. पुढे तो रणजितसिंहांची नोकरी सोडून थेट दोस्त मुहम्मदांच्या पदरी गेला.) बोलणी चालू असतानाच सुलतान मुहम्मद आपल्या माणसांसह छावणीतून फुटले आणि रणजितसिंहांना जाऊन मिळाले. ज्या भावाच्या पेशावरसाठी हा सगळा खटाटोप, तोच भाऊ समोरच्या बाजूला! दोस्त मुहम्मदांच्या छावणीत घबराट पसरली. माणसे पांगू लागली. मे महिन्यात अमीर लढाई न करताच खिंडीतून मागे फिरले. सुलतान मुहम्मदांना रणजितसिंहांकडून जहागिरी मिळाली.

येथे थोडे थांबू. हे युद्ध शीख आणि मुसलमान यांच्यातले होते, असे तेव्हा सांगितले गेले आणि आजही कोणी कोणी सांगतात. धर्माच्या नावाने लढायला आलेली माणसे खरोखर होती, हे नाकारता येत नाही. पण रणजितसिंहांची बाजू मांडायला गेलेले फकीर अजीजुद्दीन मुसलमान होते. त्यांच्या तोफखान्यातले सेनानी इलाही बख्श मुसलमान होते. दोस्त मुहम्मदांना दगा दिला तो त्यांच्या सख्ख्या घराण्याने. तेव्हा हे भांडण पेशावरचे होते, महसुलाचे होते आणि खिंडीच्या किल्लीचे होते, असे म्हणणे मला अधिक खरे वाटते.

आता ही किल्ली कायमची हातात ठेवायची, असे हरिसिंह नलवा यांनी ठरवले. हरिसिंह हे रणजितसिंहांचे अत्यंत विश्वासू सेनानी. त्यांचा जन्म १७९१ मध्ये गुजरांवाला येथे झाला. काश्मीरचा कारभार त्यांनी पाहिला होता. हजारा भागातले हरिपूर हे शहर त्यांच्याच नावाचे. १८३६ च्या अखेरीस त्यांनी जमरूद येथे, खिंडीच्या अगदी तोंडावर, किल्ला बांधायला घेतला आणि थोड्याच अवधीत तो उभा केला. जाड भिंतींचा, मातीने लिंपलेला हा किल्ला लांबून मैदानात रुतलेल्या जहाजासारखा दिसतो. त्याला 'फतेहगड' असे नाव दिले. महानसिंह नावाच्या सरदाराला किल्लेदार नेमले आणि काही शेकडा माणसांची शिबंदी आत ठेवली. शिबंदी म्हणजे किल्ल्याच्या रक्षणासाठी नेमलेले शिपाई.

काबूलमध्ये या बातमीने खळबळ उडाली. पेशावर गेले, ते एक वेळ परत घेता आले असते. पण जमरूदला किल्ला उभा राहिला म्हणजे लाहोरची फौज आता खिंडीत शिरून जलालाबादवर येणार, असा त्याचा अर्थ दोस्त मुहम्मदांनी लावला. आफ्रिदींनाही आपल्या दारात उभा राहिलेला हा किल्ला रुचला नाही.

मार्च १८३७ मध्ये रणजितसिंहांचे नातू नौनिहालसिंह यांचे लग्न होते. ब्रिटिशांचे सरसेनापती पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्यासमोर मिरवण्यासाठी चांगल्या चांगल्या पलटणी पेशावरहून बोलावून घेतल्या गेल्या. सरहद्द उघडी पडली. त्यात हरिसिंह तापाने आजारी पडले. हे सगळे काबूलला कळत होते. अमिरांनी फौज रवाना केली. तिच्यात त्यांचे पुत्र अफझल खान आणि अकबर खान होते आणि सल्ला द्यायला वजीर मिर्झा अब्दुल समी खान होते. अकबर खान तेव्हा विशीतले तरुण होते.

एप्रिलमध्ये अफगाण फौज खिंडीतून बाहेर पडली आणि तिने जमरूदला वेढा घातला. तोफांचा मारा सुरू झाला. नवी भिंत ती केवढी टिकणार? काही दिवसांत तिला खिंडार पडले. किल्लेदार महानसिंहांनी शिबंदीला धीर देऊन किल्ला धरून ठेवला, पण कुमक आल्याशिवाय निभाव लागणार नव्हता. कुमक म्हणजे मदतीला पाठवलेली फौज. हा शब्द उर्दूतही आहे. पेशावरला निरोप कसा गेला, याबद्दल शीख परंपरेत एक कथा सांगतात. हरशरण कौर नावाची एक स्त्री रात्रीच्या अंधारात वेढ्यातून निसटली आणि तिने हरिसिंहांपर्यंत निरोप पोहोचवला, अशी ती कथा आहे.

हरिसिंह अंथरुणातून उठले. पेशावरात जेवढे सैन्य होते तेवढे घेऊन ते जमरूदकडे निघाले. ३० एप्रिलला दोन्ही फौजा भिडल्या. शिखांचा पहिला हल्ला इतका जोरदार होता की, अफगाण फळी मोडली. त्यांच्या काही तोफा हरिसिंहांच्या हाती पडल्या. अफगाण लोक खिंडीकडे मागे हटू लागले आणि शीख शिपाई त्यांचा पाठलाग करू लागले. घात झाला तो येथेच. पाठलागाच्या भरात त्यांच्या रांगा विस्कटल्या. एवढ्यात शमसुद्दीन खान यांचे ताज्या दमाचे घोडदळ त्यांच्यावर तुटून पडले. पारडे फिरले. हातात आलेल्या तोफा परत गेल्या. फौजेला सावरण्यासाठी हरिसिंह स्वतः पुढे झाले आणि त्यांना गोळी लागली. जखम प्राणघातक होती. त्यांना कसेबसे किल्ल्यात नेण्यात आले.

त्यांनी किल्ल्यातच प्राण सोडला. जाण्यापूर्वी, आपल्या मृत्यूची बातमी बाहेर फुटू देऊ नका, असे त्यांनी सांगितल्याचे म्हणतात. महानसिंहांनी तसेच केले. विचार करा, भिंतीला खिंडार पडले आहे, सरदार गेला आहे आणि तोंडावर दुःख दिसू द्यायचे नाही! बाहेरच्या फौजेला वाटत राहिले की, नलवा आत जिवंत आहेत. हरिसिंहांच्या नावाचा दरारा असा होता की, अफगाण सेनापतींनी किल्ल्यावर शेवटचा निकराचा हल्ला केला नाही. ते पेशावरकडेही सरकले नाहीत. इकडे लाहोरहून राजा ध्यानसिंह आणि इतर सरदार मोठी कुमक घेऊन रात्रंदिवस मजल मारत आले. ते पोहोचताच अफगाण फौज वेढा उठवून खिंडीतून जलालाबादला परत गेली.

मग लढाई कोण जिंकले? काबूलमध्ये विजयाचा आनंद झाला. नलवांसारखा सेनानी पडला, तोफा मिळाल्या. अकबर खानांचे नाव गाजले. काबूल शहरातली एक प्रसिद्ध वस्ती आजही वजीर अकबर खान यांच्या नावाने ओळखली जाते. लाहोरमध्ये शोक झाला. नलवांच्या मृत्यूची बातमी ऐकून रणजितसिंहांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. पण नकाशा पाहाल तर वेगळेच दिसेल. किल्ला पडला नाही. पेशावर लाहोरकडेच राहिले. ज्या गोष्टीसाठी अमिरांनी फौज पाठवली होती, ती मिळाली नाही. पुढे खिंड ओलांडून जलालाबाद घेण्याचा विचार लाहोरलाही सोडावा लागला. त्या दिवसानंतर दोन्ही राज्यांची हद्द खिंडीच्या तोंडाशी जणू गोठून गेली.

तलवारीने पेशावर मिळत नाही, हे पाहून दोस्त मुहम्मदांनी तिसऱ्याचा आधार शोधला. ब्रिटिशांचे गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांना त्यांनी आधीच पत्र लिहिले होते. सप्टेंबर १८३७ मध्ये अलेक्झांडर बर्न्स हा ब्रिटिश वकील काबूलला आला. अमिरांची मागणी एकच होती : रणजितसिंहांकडून पेशावर मिळवून द्या, मी तुमचा मित्र होतो. बर्न्सला हे पटत होते. ऑकलंडना पटले नाही. रणजितसिंहांची मैत्री त्यांना अधिक मोलाची वाटत होती. त्याच हिवाळ्यात एक रशियन वकीलही काबूलला पोहोचला आणि ब्रिटिशांच्या मनात संशय बळावला. जून १८३८ मध्ये ब्रिटिश, रणजितसिंह आणि शाह शुजा यांच्यात तह झाला. शाह शुजांना काबूलच्या गादीवर बसवायचे आणि त्यांनी पेशावरवरचा हक्क सोडायचा, असे ठरले.

या तहातून पहिले इंग्रज-अफगाण युद्ध निघाले. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी काबूल घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये रणजितसिंह वारले. १८४० मध्ये दोस्त मुहम्मद शरण आले आणि त्यांना हिंदुस्थानात आणून ठेवले. पण नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूल पेटले. बर्न्स मारला गेला. जानेवारी १८४२ मध्ये सुमारे साडेचार हजार शिपाई आणि बारा हजार नोकरचाकर भर हिमवर्षावात काबूलहून निघाले. थंडीने आणि गोळ्यांनी ते वाटेतच संपले. काही कैद झाले, थोडे मागाहून कसेबसे सुटून आले. १३ जानेवारीला जलालाबादच्या वेशीवर डॉक्टर ब्रायडन हा एकटा युरोपीय घोड्यावर पोहोचला. त्या वेळी अफगाणांचे नेतृत्व जमरूदच्या लढाईतल्या त्याच अकबर खानांकडे होते. पुढच्या वर्षी दोस्त मुहम्मद पुन्हा काबूलचे अमीर झाले.

आणखी एक गंमत ऐका. १८४८-४९ मध्ये शिखांचे ब्रिटिशांशी दुसरे युद्ध झाले. तेव्हा दोस्त मुहम्मदांनी कोणाला मदत केली असेल? शिखांना! पेशावर परत देतो, असे वचन शीख सरदारांनी त्यांना दिले होते. फेब्रुवारी १८४९ मध्ये गुजरातच्या लढाईत (हे पंजाबातले गुजरात) अफगाण घोडेस्वार शिखांच्या बाजूने लढले. दोघेही हरले आणि पेशावर ब्रिटिशांकडे गेले.

जमरूदचा किल्ला आजही उभा आहे. १८३७ मध्ये हरिसिंहांवर तेथेच अंत्यसंस्कार झाले. किल्ल्याच्या बाजूला १९६४ साली बांधलेली 'बाब-ए-खैबर' ही कमान आहे आणि तिच्याखालून अफगाणिस्तानच्या सीमेकडे जाणारा रस्ता जातो.

आणि मुंबई? १८३९ च्या स्वारीत बंगालच्या फौजेबरोबर मुंबई इलाख्याची फौजही होती. ती समुद्रमार्गे सिंधला गेली आणि तेथून कंदाहार, गझनी करत काबूलला पोहोचली. पूना हॉर्स या घोडदळाला गझनीच्या लढाईचा मान मिळालेला आहे. या युद्धात मेलेल्यांची आठवण म्हणून मुंबईत कुलाब्याला एक चर्च बांधले गेले. १८५८ मध्ये ते खुले झाले. त्याचे नाव सेंट जॉनचे चर्च. पण मुंबईत ते त्या नावाने फारसे कोणी ओळखत नाही. टॅक्सीवाल्याला विचारलेत तर तो 'अफगाण चर्च' म्हणेल. आत गेलात तर भिंतींवरच्या संगमरवरी पाट्यांवर काबूलच्या वाटेवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली दिसतील.